सुबाभळीचा कमठा होईल का? लाकूड पारखायची रीत

कमठा, म्हणजे धनुष्य, करायचं डोक्यात आलं की नवा माणूस आधी लाकडाचं नाव विचारतो. शोधत गेलं तर उत्तरं मिळतात ती य्यू, ओसेज, हिकरी, अ‍ॅश अशी, आणि यातलं एकही झाड आपल्या बांधावर उभं नसतं. आपल्याकडची जुनी वाट बांबूची. सातपुड्यातल्या भिल्लांचा कमठा बांबूचा असतो आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच पट्टीची असते. पण मी राहतो पुरंदरच्या कोरड्या भागात. इथे जाड भिंतीचा चांगला बांबू विकत आणावा लागतो. सुबाभूळ मात्र ओढ्यापासून विहिरीच्या काठापर्यंत मागाल तितकी आहे.

म्हणून हा लेख सुबाभळीबद्दल. ‘सुबाभळीचा कमठा होतो का’ या प्रश्नाला मी सरसकट हो किंवा नाही म्हणत नाही, कारण एकाच ओढ्यावरचे दोन सोट वेगवेगळे निघतात. तुमच्या हातातला सोट कमठ्याच्या लायकीचा आहे की चुलीच्या, हे घरातल्या साधनांनी कसं ठरवायचं ते इथे पायरीपायरीने सांगतो. लागेल ते एवढंच: कोयता, करवत, रंधा, कानस, स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, एक बादली आणि पाणी.

सुबाभूळच का

हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. १९७०-८० च्या दशकांत उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंच्या ‘बाएफ’ संस्थेने चाऱ्यासाठी आणि जळणासाठी तिचा मोठा प्रसार केला. कोरड्या माळावर भराभर वाढणारं, तोडलं की पुन्हा फुटणारं, शेंगवर्गीय झाड. त्या काळात तिच्याकडून मोठी आशा होती आणि ती खोटी नव्हती; शेळ्यांना आजही तिचा पाला मिळतो. पण जे गुण चाऱ्याला चांगले तेच बेसुमार पसरायलाही कारण झाले. जगातल्या १०० अतिउपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत आज तिचं नाव आहे. एका चपट्या शेंगेत वीसेक बिया, त्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात, आणि तिच्या दाट रानाखाली दुसरं काही उभं राहत नाही.

शिकणाऱ्याला याचा मोठा उपयोग आहे. पहिले चार-पाच कमठे मोडतात, हे धरूनच चालावं. सागवानाची फळी आणून शिकायला बसलं तर मोडायची भीती वाटते आणि भीतीपोटी माणूस लाकूड पुरेसं वाकवूनच बघत नाही. सुबाभळीचे वीस सोट मोडले तरी बांधाचा मालक चहा पाजतो.

तीन शब्द

पुढे सारखे येणार आहेत म्हणून आधीच. कमठा हातात धरून दोरी आपल्याकडे ओढली की लाकडाची जी बाजू समोर, निशाणाकडे राहते ती ‘पाठ’. ती ताणली जाते. जी बाजू आपल्याकडे असते ते ‘पोट’. ते दाबलं जातं. आणि वाकवून सोडल्यावर लाकूड पूर्ण सरळ न होता थोडं वाकलेलंच राहिलं, तर त्याने ‘बाक धरला’ म्हणायचं. चांगलं लाकूड म्हणजे पाठ न फाटता आणि पोट फारसा बाक न धरता भरपूर वाकणारं लाकूड. लाकडाची सगळी पारख या एका वाक्यात येते.

पायरी १: सोट निवडणं

आधी परवानगी. खासगी शेतातली सुबाभूळ असेल तर मालकाला विचारा. बहुतेक जण आनंदाने ‘न्या की’ म्हणतात. वनखात्याच्या जमिनीवर कोयता चालवायचा नाही, झाड कितीही उपद्रवी असलं तरी. शहरात झाडतोडीवर १९७५ चा कायदा आहे, त्यामुळे पुण्याच्या टेकडीवर किंवा सोसायटीच्या आवारात हात लावण्याआधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

आता सोट. एकदा तोडलेल्या खुंटातून आलेले फुटवे बघा. दाटीत वाढलेला फुटवा उजेडाच्या ओढीने सरळ वर जातो आणि त्याच्या खालच्या फांद्या लवकर गळून पडतात. आपल्याला हवाय तो १८० सेंटिमीटर लांबीचा, जमेल तितका सरळ आणि बिनगाठीचा तुकडा.

जाडी किती? इथे नवे लोक हमखास चुकतात. मनगटाएवढा सोट हाताळायला सोपा म्हणून तोच उचलतात. पण बारीक सोटाची पाठ फार गोल असते. ७ सेंटिमीटर व्यासाच्या सोटातून ५ सेंटिमीटर रुंद पट्टी काढली, तर पाठीचा मधला उंचवटा कडेपेक्षा १ सेंटिमीटरहून वर येतो आणि सगळा ताण त्या कण्यावर पडतो. व्यास १० सेंटिमीटर असेल तर हाच उंचवटा साडेसहा-सात मिलिमीटरवर येतो. म्हणून घेर मोजा: टेप गुंडाळली की ३० ते ३५ सेंटिमीटर भरला पाहिजे. असा सोट उभा चिरला की दोन फाका निघतात, म्हणजे दोन कमठ्यांचं लाकूड.

साल नीट बघा. सालीवरच्या रेघा आणि भेगा सरळ वर जात असतील तर आतले तंतूही बहुधा सरळ असतात. त्या खोडाभोवती जिन्यासारख्या फिरत असतील तर आत पीळ आहे. तो सोट सोडा. उतारावर एका अंगाला झुकून वाढलेलं खोडही नको, त्यात एका बाजूचं लाकूड वेगळ्या ताणात वाढलेलं असतं आणि वाळताना वेडंवाकडं होतं.

तोडताना शेंगा लागलेल्या फांद्या तिथेच छाटून टाका. वाळक्या शेंगा गाडीच्या डिकीतून आपल्या गावात आणायच्या नाहीत. याबाबत मी फार कडक आहे. एक ओढा मोकळा करायचा म्हणून दुसऱ्या ओढ्याला लागण करण्यात काय अर्थ?

पायरी २: फोडून बघणं

सोट घरी नेण्याआधी, तोडल्या जागीच, बुंध्याकडचा ३०-३५ सेंटिमीटरचा तुकडा जास्तीचा ठेवा आणि तो फोडा. कोयत्याची धार बरोबर मध्यावर, गाभ्यातून जाईल अशी टेकवा आणि वरून लाकडी हातोड्याने ठोका. ओली सुबाभूळ फाटताना आवाज येतो, कापड टरकावल्यासारखा. दोन्ही भाग हातात घेऊन फुटलेल्या तोंडांकडे बघा. बाहेरच्या अंगाला पिवळसर पांढरं लाकूड, आत तांबूस गाभा. फाट एका टोकाला मध्यावर सुरू होऊन दुसऱ्या टोकालाही मध्यावरच निघाली का? का वाटेत कडेला पळाली? आता तो भाग सपाट दगडावर ठेवा. चारही कोपरे टेकले तर पीळ नाही. एक कोपरा बोटभर उचलला गेला, तर १८० सेंटिमीटरच्या सोटात तो पीळ पाच-सहा पट होईल, हे लक्षात घ्या.

तंतू एकमेकांत गुंतून फाटच नीट जात नसेल, मध्ये केसाळ दोरे ओढले जात असतील, तर तो सोट घासून आकार देताना त्रास देतो. पण लगेच फेकू नका. गुंतलेल्या तंतूंचं लाकूड पाठीला फाटायलाही वेळ लावतं. अशा सोटाची पुढची परीक्षा जरूर घ्या.

या पायरीतून पास झालेला सोट लगेच, ओला असतानाच, पाचरी ठोकून लांबीत दोन फाकांत चिरा. करवतीने उभं चिरायचा मोह टाळा. करवत सरळ जाते, तंतू मात्र त्यांच्या वाटेने जातात, आणि कमठ्याला तंतूंची वाट महत्त्वाची.

पायरी ३: पाठ राखणं आणि वाळवणं

थंड देशांतल्या झाडांना वर्षाचं एक वलय स्पष्ट दिसतं. तिथले कारागीर एकाच वलयाच्या मागे जाऊन पाठ तासतात, म्हणजे तंतू कुठेच कापले जात नाहीत. सुबाभळीत वलयं धूसर असतात, बहुतेक वेळा ओळखूच येत नाहीत. मग पाठ कुठली धरायची? सालीखालचा जो गुळगुळीत पृष्ठभाग आहे तोच. झाडाने स्वतः घडवलेला तो शेवटचा थर. त्यात एकही तंतू तुटलेला नसतो. त्याला रंधा, कानस, काहीही लावायचं नाही.

माझा पहिला कमठा याच चुकीने गेला. पाठ थोडी उंचसखल दिसत होती म्हणून मी तिच्यावरून रंधा फिरवून ती आरशासारखी सपाट केली. दोरी चढली, अर्ध्यापर्यंत ओढलीही, आणि वरच्या हाताच्या, म्हणजे मुठीच्या वरच्या वाकणाऱ्या भागाच्या, मध्यावर एक चिरफळी सुईसारखी उभी राहिली. लाकूड दोषी नव्हतं. मीच तंतू कापले होते. तेव्हापासून पाठीवर गाठ असेल तर तिच्याभोवती लाकूड थोडं जास्त ठेवतो आणि उंचवट्यासकट पाठ तशीच राहू देतो.

ओली असताना साल सहज निघते, बोटं घालून केळीच्या सोपटासारखी ओढता येते, विशेषतः पावसाळ्यात. साल काढलीत तर उघडी पाठ पटकन वाळून तडकू शकते, म्हणून तिला लगेच लाखेचं पॉलिश किंवा ऑइल पेंटचा हात द्या. दोन्ही टोकांना तर हवंच; पाणी सगळ्यात वेगाने टोकांतून जातं. वितळवलेलं मेण, जुना ऑइल पेंट, फेविकॉलचे दोन जाड हात, काहीही चालेल.

फाक अख्खी वाळवत ठेवली तर महिनेच्या महिने जातात. त्याऐवजी ओल्यातच पोटाकडून लाकूड काढून तिला कमठ्याचा ढोबळ आकार द्या: मध्ये मुठीला ४ सेंटिमीटर जाड, दोन्ही हातांना अडीच सेंटिमीटर जाड, रुंदी सहा. मग सावलीत, वारा लागेल अशा जागी, जमिनीपासून उंच. पत्र्याखाली किंवा गच्चीवर उन्हात नको. दर रविवारी वजन करून त्याच लाकडावर पेन्सिलीने तारीख आणि ग्रॅम लिहा. सलग दोन आठवडे आकडा हलला नाही की ते हवेशी जुळलं.

पण हवेशी जुळलं म्हणजे कमठ्याला तयार झालं असं नाही, कारण हवा कुठली हा प्रश्न राहतोच. कोकणात श्रावणात हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांवर असते तेव्हा लाकूड कितीही महिने ठेवलं तरी त्यात १७ टक्क्यांच्या आसपास पाणी राहतं. मराठवाड्यात मे महिन्यात, आर्द्रता ३० टक्के असताना, तेच लाकूड ६ टक्क्यांवर उतरतं. कमठ्याला ८ ते १० टक्के बरं. जास्त ओलं असेल तर पोट बाक धरतं, फार कोरडं असेल तर पाठ तडकते. पावसाळ्यात केलेल्या परीक्षेवरून सुबाभळीला नापास करणारे मी बघितले आहेत. खरं तर त्यांनी ओल्या लाकडाची परीक्षा घेतलेली असते.

पाणी मोजायचंच असेल तर त्याच फाकेतून एक लहान ठोकळा कापा, वजन करा, ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत तासातासाने काट्यावर ठेवत राहा. आधी २२ ग्रॅम आणि शेवटी २० ग्रॅम भरला, तर गेलेलं पाणी २ ग्रॅम. ते कोरड्या वजनाने, म्हणजे २० ने भागायचं: १० टक्के.

वाळत असताना भुंग्यावर लक्ष ठेवा. सुबाभळीच्या पांढऱ्या लाकडात पिष्ट असतं आणि भुंग्याला ते आवडतं. फाकेखाली पिठासारखी बारीक पूड सांडलेली दिसली तर ती फाक बाकीच्यांपासून ताबडतोब वेगळी काढा.

पायरी ४: वजनावरून घनता

लाकूड वाळलं की फाकेच्या कडेच्या, जास्तीच्या भागातून २ बाय २ सेंटिमीटरची, २५ सेंटिमीटर लांब कांडी काढा. तिचं आकारमान बरोबर १०० घनसेंटिमीटर होतं, म्हणून काट्यावर जितके ग्रॅम भरतील त्याला १०० ने भागलं की घनता. ५५ ग्रॅम म्हणजे ०.५५.

सागवान साधारण ०.६५ च्या आसपास असतं. सुबाभळीची कांडी तुम्हाला त्याहून हलकीही मिळेल, जडही मिळेल. माझ्याकडच्या दोन कांड्यांत १३ ग्रॅमचा फरक निघाला. हलकी होती ती पाटाच्या पाण्यावर सरसर वाढलेल्या कोवळ्या फुटव्याची, जड होती ती मुरमाड माळावरच्या जुन्या खोडाची. ओल्या जागेचा गुळगुळीत, देखणा सोट बघून लगेच भुलू नका.

घनतेवरून रुंदी ठरते. माझा ठोकताळा असा: कांडी ५० ग्रॅमच्या आसपास असेल तर कमठ्याचे हात ६ सेंटिमीटर रुंद ठेवा, ६० ला ५ सेंटिमीटर, ७५ किंवा जास्त असेल तर ४ सेंटिमीटर पुरे. हलकं लाकूड वाईट नसतं. त्याला तोच भार पेलायला जास्त रुंदी लागते, इतकंच. ५० च्याही खाली असेल तर शिकाऊ माणसाने तो सोट सोडून दुसरा बघावा.

पायरी ५: बादलीची परीक्षा

खरी पारख इथे आहे. बाकी पायऱ्या घाईत उरकल्यात तरी ही शांतपणे करा.

सालीलगतच्या लाकडातून ७० सेंटिमीटर लांब, १५ मिलिमीटर रुंद आणि १० मिलिमीटर जाड पट्टी काढा. तंतू लांबीला समांतर हवेत, गाठ एकही नको. जाडी पाच ठिकाणी मोजा, व्हर्नियर असेल तर उत्तम. जाडीत हयगय चालत नाही: पट्टी १० ऐवजी ९ मिलिमीटर झाली तर ती २७ टक्क्यांनी मऊ वागते आणि तुम्ही उगाच लाकडाला दोष देता. अगदी याच मापाची दुसरी पट्टी सुताराकडून सागवानाच्या तुकड्याची करून घ्या. ती आपली तुलनेची मोजपट्टी.

दोन सारख्या उंचीची स्टुलं घ्या, त्यांच्या कडांमध्ये बरोबर ६० सेंटिमीटर अंतर ठेवा. पट्टी त्यांवर आडवी ठेवा, सालीकडची बाजू खाली. खालची बाजू ताणली जाते, म्हणून पाठ खाली. पट्टीच्या मध्यावर रुंद नाडा किंवा जुना पट्टा अडकवून त्याला बादली टांगा. बारीक दोरी लावली तर ती लाकडात रुतून खाच पाडते. बादली जमिनीपासून वीतभरच वर असू द्या, पट्टी मोडली तर पायावर येणार नाही. आणि चष्मा घाला. वेल्डिंगच्या दुकानात पारदर्शक मिळतो तो.

रिकाम्या बादलीचं वजन आधी करून ठेवा. मग मापाने पाणी ओता. १ लिटर म्हणजे १ किलो. बादलीसकट ५ किलो झाले की थांबा आणि पट्टी मध्यावर किती खाली गेली ते मोजा. सागवानाची पट्टी साधारण दीड सेंटिमीटर जाते. सुबाभळीची १.८ गेली तर ती थोडी मऊ आहे, २.२ गेली तर बरीच मऊ. मऊ म्हणजे नापास नव्हे. त्या लाकडाचा कमठा थोडा जाड करावा लागेल. मऊपणाचा हा आकडा फक्त टिपून ठेवा.

आता पाणी ओतत राहा, पट्टी मध्यावर ४.८ सेंटिमीटर खाली येईपर्यंत. हा आकडा हवेतला नाही. ६० सेंटिमीटरच्या अंतरावर १ सेंटिमीटर जाडीची पट्टी इतकी वाकली की तिचा पृष्ठभाग ०.८ टक्के ताणला जातो, आणि पूर्ण ओढलेल्या लाकडी कमठ्याच्या पाठीला साधारण इतकाच ताण येतो. पट्टी कुरकुरायला लागली, बारीक ‘टिक’ असा आवाज आला, तर मागे सरका पण पाणी काढू नका. बघा ती सांभाळते का. पाच मिनिटं तशीच टांगलेली राहू द्या.

मग बादली उतरवा. पट्टीला पाच मिनिटं विश्रांती द्या आणि तिच्या टोकांवर दोरा ताणून धरून मध्ये किती बाक उरला ते मोजा. २ मिलिमीटरच्या आत असेल तर लाकूड उत्तम. २ ते ४ मध्ये असेल तर चालेल, फक्त कमठ्याचे हात अर्धा सेंटिमीटर जास्त रुंद ठेवा. ५ च्या वर गेला तर आधी ओल तपासा, पट्टी आणखी वाळवून पुन्हा टांगा. तरीही तसंच असेल तर तो सोट कुऱ्हाडीच्या दांड्यालाही नको.

पास झालेल्या पट्टीला पुढे ६ सेंटिमीटरपर्यंत न्या. तिथे ताण १ टक्का होतो. इथून जी पट्टी जवळजवळ सरळ परत येते, तिच्या फाकेवर मी लाल पेन्सिलीने मोठी फुली मारतो आणि ती चांगल्या कामासाठी बाजूला ठेवतो.

पायरी ६: मुद्दाम मोडणं

त्याच फाकेची दुसरी पट्टी मोडेपर्यंत वाकवा. मोडलेलं तोंड हातात घेऊन उजेडात बघा. लांबलांब चिरफळ्या, केसांसारखे तंतू लोंबताहेत, एक तुकडा दुसऱ्याला अजून धरून आहे, असं असेल तर तंतू चिवट आहेत. गाजर मोडल्यासारखं आडवं, स्वच्छ तोंड दिसलं तर लाकूड ठिसूळ. त्यावर वेळ घालवू नका, आकडे कितीही छान आले असोत. ठिसूळ लाकूड सूचना न देता मोडतं आणि तेव्हा ते तुमच्या तोंडासमोर असतं.

मोडण्याआधी वरच्या बाजूला, पोटाला, आडव्या बारीक सुरकुत्या पडल्या का तेही बघा. सुरकुत्या पडल्या म्हणजे पोट आधी हरलं. त्याला रुंद आणि पातळ कमठा हवा. सुरकुत्या नाहीत आणि पाठ फाटली, तर पाठ कमजोर. त्या फाकेच्या पाठीवर बांबूची पातळ पट्टी चिकटवायचा पर्याय आहे. पण बांबू ताणाला फार जोरकस असतो, कमजोर पोटाच्या लाकडावर चिकटवला तर तेच पोट चिरडतो. आधी पोटाची परीक्षा, मग बांबू.

पायरी ७: परीक्षेचा कमठा

पट्टी काहीही सांगो, शेवटचा शब्द कमठ्याचाच. अनोळखी लाकडाचा पहिला कमठा लांब आणि हलका करा: लांबी १७० सेंटिमीटर, ओढ (दोरी खेचायचं अंतर) ६६ सेंटिमीटर, पूर्ण ओढायला लागणारा जोर ३० पौंडांच्या आत. मूठ मध्ये १० सेंटिमीटर. तिथून घनतेने ठरलेली रुंदी अर्ध्या हातापर्यंत कायम ठेवा आणि मग निमुळती करत टोकाला दीड सेंटिमीटरवर आणा. लाकूड काढायचं ते फक्त पोटाकडून.

सावकाश काढा. १२ मिलिमीटर जाडीतून १ मिलिमीटर गेला की त्या जागेचा ताठपणा सुमारे २३ टक्क्यांनी उतरतो. कानशीचे वीस हात मारायचे, दोरी थोडीशीच ओढून तीस वेळा वाकवायचं, मग लांब उभं राहून बघायचं. दोन्ही हात सारखे वाकताहेत? एखाद्या जागी कोपरासारखं मोडल्यागत दिसतंय? मोडल्यागत जागेला पुन्हा हात लावायचा नाही, बाकीच्या ताठ जागा घासून तिच्याबरोबरीला आणायच्या. ज्या जोराचा कमठा हवा त्या जोरापलीकडे त्याला घडवताना एकदाही ओढायचं नाही. घासताना मास्क लावा. सुबाभळीची धूळ घशात बसते.

बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नका, सगळा जोर लाकडावर परत येतो. निशाण म्हणून गवताची पेंढी किंवा पोत्यात कोंबलेल्या चिंध्या. मागे मातीचा बांध हवा. रानातल्या कुठल्याही प्राण्या-पाखरावर बाण नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

वेड्या बाभळीबद्दल थोडं

सोलापूर, इंदापूर, मराठवाड्याकडच्या वाचकांच्या दारात सुबाभळीपेक्षा वेडी बाभूळ जास्त असते. तीही अमेरिका खंडातली, १८७७ च्या सुमारास भारतात आणलेली, आणि तिच्या कोळशाच्या भट्ट्या तुम्ही पाहिल्याच असतील. तिचं लाकूड जड आणि कठीण. अडचण असते सरळपणाची, १८० सेंटिमीटरचा सरळ सोट मिळणं जवळजवळ अशक्य. म्हणून ९०-९० सेंटिमीटरचे दोन सरळ तुकडे शोधा, शक्यतो एकाच खोडाच्या दोन फाका, आणि मुठीत खाच पाडून त्यांचा जोड करा. मुठीला वाक नसतो, त्यामुळे नीट चिकटवलेला जोड टिकतो. बादलीची परीक्षा अगदी हीच. फक्त जाड तळाचे बूट घाला. तिचा काटा चपलेतून आरपार जातो.

नोंद ठेवणं

कमठा तयार झाला की दोरी उतरवलेल्या अवस्थेत त्याला सपाट भिंतीला टेकवून पाठीच्या मध्याचा बाक मोजा. मग १०० बाण मारा, तासभर विश्रांती द्या, पुन्हा मोजा. मग ५०० बाणांनंतर. मी हे आकडे कमठ्याच्या पोटावर मुठीजवळ लिहितो: सोट कुठल्या जागेचा, घनता, बादलीतला बाक, १०० नंतरचा बाक, महिना. माझ्या माळावरच्या सोटाच्या कमठ्यावर शेवटची ओळ आहे ‘५०० बाण, २ सेंमी, कार्तिक’. पुढची ओळ पावसाळा सरला की लिहीन.